जुने ऐतिहासिक छायाचित्र खोटे आहे हे ओळखायचे कसे?

धागाकर्ता

तपकिरी रंगाचे, कडा झिजलेले एखादे छायाचित्र 'दुर्मीळ' म्हणून समोर आले की वाचकांत लगेच दोन तट पडतात. एक तट भारावून जाऊन ते पुढे पाठवतो आणि दुसरा तट 'हे तर उघड उघड बनावट आहे' असे म्हणून मोकळा होतो. चित्र नीट पाहण्याची तसदी बहुधा दोघांनीही घेतलेली नसते. खोटेपणाच्या विश्वासार्ह खुणा एका ठिकाणी याव्यात, आणि ज्या खुणांवर लोक उगाच विसंबतात त्याही नोंदल्या जाव्यात, म्हणून हा धागा काढत आहे.

माझ्या मते पहिला प्रश्न 'हे खोटे आहे का' हा नसून 'यातला नेमका कोणता दावा तपासायचा आहे' हा असायला हवा. कधी चित्रच जोडकाम करून तयार केलेले असते. कधी चित्राला कोणी हात लावलेला नसतो, पण समोरचा प्रसंग रचलेला असतो किंवा खालची ओळ खोटी असते. आणि कधी चित्र व ओळ दोन्ही खरी असतात, पण हातातला प्रिंट ज्या काळचा म्हणून विकला जातो त्या काळचा नसतो. या तिन्हींचे पुरावे वेगवेगळ्या जागी सापडतात. ते एकमेकांत मिसळले की चर्चा भरकटते.

सर्वांत आधी मी तंत्र आणि साल यांचा मेळ बसतो का ते पाहतो. छायाचित्रणाचे तंत्र जगापुढे जाहीर झाले ते १८३९ मध्ये. त्यापूर्वी १८२६-२७ च्या सुमारास निएप्स या फ्रेंच संशोधकाने खिडकीतून टिपलेले दृश्य हे आज उपलब्ध असलेले कॅमेऱ्याचे सर्वांत जुने चित्र मानले जाते. नेपोलियन १८२१ मध्ये वारला आणि बेथोव्हन १८२७ मध्ये. त्यामुळे त्यांची 'छायाचित्रे' दिसली तर ती चित्रकाराच्या कामावरून किंवा संगणकावर बनवलेली आहेत, हे भिंग हातात न घेताही सांगता येते. पुढच्या काळात मात्र बारकाईने पाहावे लागते. डगेरोटाइप हे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचे एकमेव चित्र असते आणि त्याला निगेटिव्हच नसते. काचेवरची ओल्या कलोडियनची (या चिकट द्रावणाचा थर ओला असतानाच चित्र घेण्याची) पद्धत १८५१ ची आहे. व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या छायाचित्रांचे पेटंट १८५४ मध्ये घेतले गेले आणि त्याहून मोठे कॅबिनेट कार्ड १८६६ च्या सुमारास रूढ झाले. तेव्हा कॅबिनेट कार्डावर चिकटवलेला प्रिंट '१८४५ चा मूळ प्रिंट' असू शकत नाही. मात्र जुन्या डगेरोटाइपची प्रत काढून ती नंतरच्या कार्डावर चिकटवण्याचा प्रघात होता. त्यामुळे अशा वेळी प्रिंट नंतरचा आणि प्रतिमा जुनी, असेही असू शकते.

दुसरी गोष्ट एक्स्पोजरची, म्हणजे प्लेटेवर प्रकाश किती वेळ पडू दिला याची. डगेरोटाइपचे जनक डगेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलेव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा रस्त्यावर वर्दळ होती, पण चित्रात तो जवळजवळ ओस दिसतो. एक्स्पोजर काही मिनिटांचे असल्यामुळे चालणारी माणसे आणि गाड्या उमटल्याच नाहीत. बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला माणूस तेवढा उमटला. त्यामुळे १८४० सालचे म्हणून एखादे चित्र दाखवले आणि त्यात गर्दीतला प्रत्येक माणूस पाऊल उचललेल्या स्थितीत स्पष्ट दिसत असेल, तर साल किंवा चित्र यांपैकी एक चुकीचे आहे.

आता एक उदाहरण जवळून पाहू. अमेरिकी यादवी युद्धातील सेनापती ग्रँट सिटी पॉइंट येथे घोड्यावर बसले आहेत आणि मागे सैन्याची छावणी पसरली आहे, असे एक सुप्रसिद्ध छायाचित्र लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहे. वरवर पाहता त्यात काहीच वावगे वाटत नाही. पण मोठे करून पाहिले की धडावर डोके विचित्र कोनात बसलेले दिसते. मुद्रा उभ्या राहिलेल्या माणसाची आहे, खोगिरावर बसलेल्याची नाही. मागे पुरेशी माणसे आहेत, पण सरसेनापती समोर असताना त्यांपैकी कोणाचेच लक्ष तिकडे नाही. तपासणीअंती तीन वेगवेगळी चित्रे हाती आली. डोके १८६४ मध्ये कोल्ड हार्बर येथे घेतलेल्या ग्रँट यांच्या छायाचित्रातले, घोडा व धड मॅकूक या दुसऱ्याच सेनाधिकाऱ्याचे, आणि मागची 'छावणी' म्हणजे फिशर्स हिलच्या लढाईत पकडलेले विरोधी पक्षाचे कैदी. लेव्हिन हँडी या छायाचित्रकाराने हे जोडकाम केले ते १९०२ च्या सुमारास, म्हणजे ग्रँट यांच्या मृत्यूनंतर सुमारे सतरा वर्षांनी. संगणकाचा मागमूस नसतानाचे हे काम आहे. तेव्हा 'त्या काळी फोटोशॉप कुठे होते' हा युक्तिवाद कोणी केला तर हे चित्र त्याच्यापुढे ठेवावे.

काचपट्टी

विषय उत्तम निवडला आहे. एक्स्पोजरच्या मुद्द्याला जोडून कॉटिंग्लीच्या पऱ्यांचे उदाहरण द्यावेसे वाटते. १९१७ मध्ये इंग्लंडमधील दोन मुलींनी घेतलेल्या पहिल्या चित्रात एका मुलीच्या पुढ्यात पऱ्या नाचत आहेत आणि मागे छोटा धबधबा आहे. धबधब्याचे पाणी दुधासारखे पसरट उमटले आहे, म्हणजे शटर बराच वेळ उघडे होते. त्याच वेळात नाचणाऱ्या पऱ्यांचे पंख मात्र कातरून ठेवल्यासारखे रेखीव आहेत. पाणी हलले आणि पंख हलले नाहीत, हा एवढा पुरावा चित्रातच होता. तरीही शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांच्यासारख्या माणसाने त्या चित्रांवर विश्वास ठेवला, कारण तज्ज्ञांना प्रश्न विचारला गेला तो 'निगेटिव्हमध्ये फेरफार आहे का' असा. निगेटिव्ह खरोखरच अस्सल होती. पऱ्या कागदाच्या होत्या, एका पुस्तकातील आकृत्यांवरून काढून कापलेल्या आणि टाचण्यांनी उभ्या केलेल्या. या दोघींनी तशी कबुली दिली ती १९८३ मध्ये.

आपण म्हणता तो भेद येथे फार उपयोगी पडतो. कॅमेऱ्याने समोर होते तेच टिपले होते, फक्त समोरच खोटे उभे केलेले होते.

नवखा वाचक

माझी एक शंका आहे. पुष्कळ ठिकाणी असे वाचले आहे की चित्रातील सावल्या वेगवेगळ्या दिशांना पडत असतील तर ते चित्र नक्की बनावट समजावे. हा नियम कितपत भरवशाचा आहे?

भिंग

तो नियम त्या रूपात अजिबात भरवशाचा नाही, आणि त्याने आजवर बरेच नुकसान केले आहे. जमीन उंचसखल असेल, वस्तू तिरपी उभी असेल किंवा लेन्स रुंद कोनाची असेल, तर एकाच सूर्याच्या सावल्या चित्रात वेगवेगळ्या दिशांना गेल्यासारख्या दिसतात. आपला डोळा या बाबतीत फार कच्चा आहे.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचा आरोप असलेल्या ली हार्वे ऑस्वल्डचे परसातले छायाचित्र. १९६३ मधील या चित्रात तो हातात रायफल घेऊन उभा आहे. आपला चेहरा दुसऱ्याच्या धडावर चिकटवला आहे, असे त्याने स्वतः पोलिसांना सांगितले होते. नाकाखालची सावली सरळ खाली आणि शरीराची सावली तिरकी, यावर पुढे कित्येक वर्षे वाद चालला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी संसदेच्या समितीने नेमलेल्या तज्ज्ञांनी चित्रे अस्सल ठरवली. त्यासाठी त्यांनी सावल्यांकडेच नव्हे, तर निगेटिव्हच्या कडेलाही पाहिले. प्रत्येक कॅमेऱ्यात फिल्मच्या चौकटीच्या कडेचे खडबडीत कंगोरे वेगळे असतात, आणि ते ऑस्वल्डच्या स्वस्त कॅमेऱ्याशी जुळले. पुढे २००९ मध्ये डिजिटल चित्रांच्या तपासणीचे अभ्यासक हॅनी फरीद यांनी चेहऱ्याची आणि परसाची त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर उभी करून एकाच सूर्याने दोन्ही सावल्या पडू शकतात हे दाखवून दिले.

सावल्या तपासायच्याच असतील तर दिशा पाहू नयेत, रेषा काढाव्यात. सावलीवरचा एक निश्चित बिंदू, उदाहरणार्थ टोपीच्या टोकाची सावली, आणि ती पाडणारे वस्तूवरचे नेमके टोक यांना जोडणारी रेषा पुढे वाढवावी. अशा सर्व रेषा प्रकाशाच्या एकाच ठिकाणी मिळायला हव्यात, मग ते ठिकाण चित्राच्या बाहेर असले तरी चालेल. एखादी रेषा त्या ठिकाणापासून स्पष्टपणे भलतीकडेच जात असेल, तरच संशयाला आधार मिळतो.

धागाकर्ता

भिंग यांचा प्रतिसाद मोलाचा आहे. त्याला जोडूनच दुसऱ्या एका फसव्या खुणेबद्दल लिहितो. 'अक्षरे उलटी दिसतात', 'कोटाची बटणे भलत्या बाजूला आहेत', 'डावखुरा नसलेला माणूस डाव्या हाताने बंदूक धरतो आहे' अशा कारणांवरून चित्रे खोटी ठरवली जातात. वास्तविक डगेरोटाइप आणि लोखंडी पत्र्यावरचे टिनटाइप यांत प्रतिमा आरशातल्यासारखी उलटीच उमटते. बिली द किड या अमेरिकी बंदूकबाजाचे सुमारे १८८० चे टिनटाइप प्रसिद्ध आहे. ते पाहून तो डावखुरा होता, असा समज अनेक दशके पक्का झाला होता. त्याच्या हातात १८७३ च्या बनावटीची विंचेस्टर रायफल आहे. त्या रायफलमध्ये गोळ्या भरण्याची खिडकी उजव्या बाजूस असते आणि चित्रात ती डावीकडे दिसते. म्हणजे चित्र उलटे आहे आणि पिस्तूल त्याच्या उजव्या कमरेलाच आहे. येथे विसंगतीने चित्र खोटे पाडले नाही, उलट ते टिनटाइप असल्याच्या दाव्याला बळच दिले. टिनटाइप म्हणून दाखवलेल्या चित्रात पाटीवरची अक्षरे सरळ वाचता आली, तर मी जास्त सावध होईन.

संग्राहक

मी जुने प्रिंट जमवतो, त्यामुळे तिसऱ्या प्रकाराविषयी, म्हणजे वस्तू म्हणून असलेल्या प्रिंटविषयी लिहितो. कागद खोटे बोलत नाही, असे आमच्या मंडळींत म्हणतात. साधारण १९५० च्या दशकापासून छायाचित्रांच्या कागदात शुभ्रता वाढवणारी द्रव्ये मिसळली जाऊ लागली. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरला की असा कागद निळसर पांढरा झळकतो आणि त्यापूर्वीचा कागद मंद, मातकट राहतो. बालमजुरांची छायाचित्रे काढणारे लुईस हाइन १९४० मध्ये वारले. त्यांच्या हयातीतले म्हणून, त्यांच्या सहीशिक्क्यासह विकले गेलेले अनेक प्रिंट १९९० च्या दशकाच्या अखेरीस याच परीक्षेत नापास झाले, कारण त्यांच्या कागदात ती नंतरची द्रव्ये होती. चित्रे हाइन यांचीच होती, निगेटिव्हही त्यांच्याच होत्या, पण प्रिंट त्यांच्या मृत्यूनंतरचे होते. किमतीत पडणारा सगळा फरक तेवढ्यातच होता.

ही परीक्षा एकाच दिशेने चालते, हे मात्र लक्षात असू द्यावे. कागद झळकला तर १९२० चा दावा कोसळतो. झळकला नाही तर तो कागद जुना आहे असे सिद्ध होत नाही, कारण अशी द्रव्ये नसलेले कागद नंतरही मिळत होते. शिवाय मागे चिकटवलेला नवा पुठ्ठा किंवा दुरुस्तीची पट्टी झळकते आणि पाहणाऱ्याची दिशाभूल होते. म्हणून दिवा आधी प्रिंटच्या पुढच्या बाजूच्या कोऱ्या कडेवर धरावा.

भिंगाखाली आणखी एक गोष्ट सहज दिसते. खऱ्या छायाचित्रात करड्या छटा सलग उतरत जातात. छपाईत त्याच छटा लहानमोठ्या ठिपक्यांच्या जाळीने साधलेल्या असतात. 'मूळ प्रिंट' म्हणून विकायला आलेली कितीतरी चित्रे म्हणजे जुन्या मासिकाची किंवा पुस्तकाची पाने कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेली असतात, आणि दहापट भिंगाखाली ती एका क्षणात उघडी पडतात. यात साठ वर्षांपूर्वीचा खरा छापील कागद असल्यामुळे वास, पिवळेपणा, कडांची झीज सगळे अस्सल असते, म्हणून माणूस फसतो.

नवखा वाचक

आभारी आहे. पण आमच्यासारख्यांच्या हाती प्रिंट कधीच येत नाही, पडद्यावरचे चित्रच येते. त्यात रंगछटांवरून काही कळू शकते का?

धागाकर्ता

कळू शकते, आणि ही माझी सर्वांत आवडती खूण आहे. एकोणिसाव्या शतकातील प्लेटांचे रसायन मुख्यतः निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देई आणि लाल प्रकाश त्याला जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे निळे आकाश कोरे पांढरे येई, निळे डोळे फिकट होत, आणि ओठ, चेहऱ्यावरचे वांग, लाल कापड हे सारे काळपट उमटे. रंगद्रव्ये मिसळून प्लेटेची नजर वाढवता येते, हे फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८७३ मध्ये दाखवले आणि सर्व रंग टिपणाऱ्या प्लेटा १९०६ पासून बाजारात मिळू लागल्या. आजचे रंगीत चित्र कृष्णधवल करून त्यावर तपकिरी छटा चढवली तर गाल नितळ येतात, ओठ फिकट येतात आणि आकाशात करडेपणा राहतो. '१८६५' असे लिहिलेल्या चित्रात ढग आणि झाडी दोन्ही सुरेख उतरली असतील तर मी थबकतो. अर्थात त्या काळीही ते साधता येई, पण दोन निगेटिव्हच्या मेळातून. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हवरून आणि ढग दुसरीवरून घेऊन एकच प्रिंट काढले, आणि त्यांच्या काही चित्रांत तेच ढग वेगळ्या समुद्रावर पुन्हा दिसतात. त्याला फसवणूक म्हणण्याचे माझ्या जिवावर येते, कारण माध्यमाची उणीव भरून काढण्याचा तो उघड उपाय होता. पण 'त्या दिवशी आकाश असे होते' असा पुरावा म्हणून तो प्रिंट चालणार नाही.

दुसरे म्हणजे कण आणि ओरखडे. ओल्या कलोडियनच्या प्लेटेत डोळ्याला जाणवणारे कण जवळपास नसतात. तिथे दोष वेगळे असतात: कोपऱ्यात द्रावण न पोहोचलेली कोरी जागा, ओघळ, प्लेट धरलेल्या अंगठ्याची खूण. त्याऐवजी सगळ्या चित्रभर सारखी फिल्मची भुरभुर आणि उभे ओरखडे दिसले, तर ते तयार आच्छादन चढवलेले असण्याची शक्यता मोठी असते.

काचपट्टी

प्रसंग रचण्याविषयी अजून फारसे आलेले नाही. छायाचित्रकार अलेक्झांडर गार्डनर यांच्या अमेरिकी यादवी युद्धातील १८६३ च्या गेटिसबर्गच्या चित्रात दगडी आडोशामागे एक मृत नेमबाज पडलेला आहे आणि त्याची बंदूक भिंतीला टेकलेली आहे. इतिहासकार विल्यम फ्रासानिटो यांनी त्याच रणभूमीवर जाऊन दगड, उतार आणि इतर प्रिंट यांचा मेळ घातला, तेव्हा तोच मृतदेह थोड्या अंतरावर उतारावर पडलेला दुसऱ्या चित्रांत सापडला. देह आडोशाला उचलून आणला होता आणि बंदूकही नेमबाज वापरत त्या जातीची नव्हती. येथे रिटचिंगचा, म्हणजे चित्रावर हाताने केलेल्या फेरफाराचा, एक ठिपकासुद्धा नाही. एकाच जागी, एकाच दिवशी घेतलेली शेजारची चित्रे शोधणे हाच एक मार्ग होता.

सोव्हिएत छायाचित्रकार खाल्देई यांचे बर्लिनमधील राइशस्टाग या संसद भवनावर सोव्हिएत झेंडा फडकवतानाचे २ मे १९४५ चे चित्रही असेच शिकवून जाते. प्रसंग पुन्हा उभा करून टिपलेला होता. त्यातल्या एका अधिकाऱ्याच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे दिसत होती. लुटीचा संशय नको म्हणून एक पुसले गेले आणि धूरही वाढवला गेला. पुसलेली आणि न पुसलेली अशा दोन्ही आवृत्त्या उपलब्ध आहेत म्हणून आपल्याला हे कळले. कालव्याकाठच्या चित्रात स्टालिनच्या शेजारून त्याच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव नाहीसा झाला, हेही दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्यावरच सिद्ध होते. नुसते फेरफार केलेले चित्र पाहून कालव्याचे पाणी नंतर रंगवलेले आहे हे सांगणे फार अवघड आहे.

अंकगणक

पडद्यावरच्या चित्रासाठी कामाचा क्रम सांगतो. आधी चित्रावरून चित्र शोधणारी सेवा वापरून त्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी प्रत शोधावी. अनेकदा संग्रहालयाच्या नोंदीसह पूर्ण चौकट सापडते आणि कापलेल्या कडेवरच सगळा उलगडा होतो. स्कॉटलंडमधील लॉख नेस या सरोवरातल्या कथित राक्षसाचे १९३४ चे चित्र वर्तमानपत्रात कापून छापले गेल्यामुळे मान प्रचंड वाटली. पूर्ण चौकटीत आजूबाजूच्या लाटा पाहिल्या की ती वस्तू किती लहान आहे हे लक्षात येते. खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेले ते डोके होते, हे १९९४ मध्ये उघड झाले.

फाइल लहान करण्यासाठी दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) चित्रातील त्रुटींची पातळी रंगवून दाखवणारी साधने मात्र जपून वापरावीत. दहा वेळा पुढे पाठवलेल्या चित्रात त्या रंगांना काहीच अर्थ उरत नाही. तरीही 'इथे लाल दिसते, म्हणजे इथे चिकटवले आहे' असे ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या 'जुन्या' चित्रांचा प्रश्न आता सर्वांत गंभीर आहे. जर्मन कलाकार बोरिस एल्डाग्सेन यांनी अशाच पद्धतीने बनवलेले, १९४० च्या दशकातले भासणारे दोन स्त्रियांचे चित्र २०२३ मध्ये सोनी विश्व छायाचित्रण पुरस्कारांत एका विभागात विजेते ठरले. ते छायाचित्र नाही असे सांगून त्यांनी पुरस्कार नाकारला. बोटे मोजण्याची खूण लवकर निकामी होत चालली आहे. मी सध्या गणवेशावरची चिन्हे, बिल्ले, पाट्यांवरची अक्षरे आणि मागच्या रांगेतले चेहरे पाहतो. खऱ्या पलटणीत एकाच हुद्द्याच्या दोघांच्या बाह्यांवर एकच चिन्ह असते. बनवलेल्या चित्रात प्रत्येकाचे चिन्ह थोडे वेगळे आणि कोणत्याच सैन्याचे नसलेले असते.

नवखा वाचक

मग एखादी वस्तू त्या काळात नव्हती असे ठामपणे दिसले, तर तेवढ्यावर निकाल देता येईल ना?

धागाकर्ता

ती वस्तू कधी आली हे खात्रीने माहीत असेल तर देता येईल. अडचण अशी की आपल्याला ते माहीत आहे असे आपण गृहीत धरतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियामध्ये पूल पुन्हा खुला झाला तेव्हाचे १९४१ चे म्हणून ओळखले जाणारे एक चित्र तेथील ब्रालोर्न पायोनियर संग्रहालयात आहे. त्यात काळा चष्मा, चिन्ह असलेला विणलेला सदरा आणि हातात लहान कॅमेरा घेतलेला एक तरुण उभा आहे. तो भविष्यातून आलेला प्रवासी आहे किंवा चित्रात घुसवलेला आहे, अशी हाकाटी २०१० मध्ये झाली. प्रत्यक्षात तसे चष्मे आधीपासून मिळत होते, सदऱ्यावरचे चिन्ह त्या काळच्या हॉकी संघाचे असावे असा उलगडा झाला, आणि खिशात मावणारे घडीचे कॅमेरे कोडॅक कितीतरी वर्षे विकत होते. आजूबाजूच्या कोट-टोपीवाल्यांत तो वेगळा दिसतो, एवढेच त्याच्याविरुद्ध होते.

म्हणून वस्तूवर बोट ठेवताना तिचे साल शोधून तेही लिहावे. 'हे तेव्हा नव्हते' एवढे पुरत नाही. 'हे अमुक साली प्रथम बनले आणि चित्रावर त्याआधीचे साल आहे' असे लिहिले की दुसऱ्याला ते तपासता येते. या धाग्यावर पुढे जी चित्रे चर्चेला येतील त्यांच्यासोबत चित्र कुठे मिळाले, सर्वांत जुनी प्रत कोणती सापडली आणि तपासायचा दावा कोणता, या तीन गोष्टी द्याव्यात अशी सर्वांना विनंती आहे.

संग्राहक

त्यात चौथी गोष्ट जोडावी: प्रिंट हाती असेल तर मागच्या बाजूचेही चित्र द्यावे. स्टुडिओचा शिक्का, पत्ता, कागदाच्या कंपनीचा छाप, पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक हे सगळे तिथेच असते, आणि खोटेपणा करणारे पुढच्या बाजूवर जेवढे कष्ट घेतात तेवढे मागे क्वचितच घेतात.

धागाकर्ता

मान्य आहे, यादीत जोडतो. स्टुडिओचा शिक्का असेल तर तो स्टुडिओ त्या पत्त्यावर कोणत्या वर्षांत होता हेही जुन्या व्यापारी सूचींतून शोधून द्यावे. नुसत्या पत्त्यावरून दहा-पंधरा वर्षांच्या पट्ट्यात साल बसवता येते.